टेकाडावरची पितळी शिट्टी

आम्ही निघालो होतो एका शिट्टीसाठी. साधी पितळी शिट्टी, अंगठ्याएवढी. पण रविवारी सकाळी ती हाती लागली नसती तर बुद्धभूषणला आपल्या वडिलांना तोंड दाखवणं अवघड झालं असतं, आणि गेला आठवडाभर त्याचं तोंड तसंही बघवत नव्हतं.

भूषण आणि मी एकाच कंपनीत, हिंजवडीला. तो प्रोग्रॅम लिहिणार, मी त्यातल्या चुका काढणार. आमची शेती होती तिथेच आता कंपनीची इमारत उभी आहे, त्यामुळे माझं टेबल बहुधा आमच्या ज्वारीच्या वाफ्यावर येत असावं. बाबा म्हणतात, तेव्हाही तू काही काम करत नव्हतीस. असो. भूषणची धाकटी बहीण दीक्षा खराडीला नोकरी करते, आणि आम्हा तिघांना त्या वर्षी एकच वेड लागलं होतं: डबे शोधायचं!

म्हणजे असं, की कुणीतरी रानात एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी हातातल्या जीपीएस यंत्राचा बाण बघत तो हुडकायचा. डब्यात छोट्या छोट्या वस्तू असतात. नियम एकच, पण कडक. एक वस्तू घ्यायची असेल तर तिच्या तोडीची किंवा तिच्याहून बरी वस्तू आत ठेवायची.

मे महिन्यात आम्ही आमचा पहिलावहिला डबा लपवला होता. खडकवासल्याच्या मागच्या पाण्याकाठी एका टेकाडावर, करवंदीच्या जाळीत. पहिल्या डब्यात काहीतरी भारी हवं म्हणून भूषणने घरच्या खणातून एक जुनी शिट्टी उचलली. तात्याराव सर, म्हणजे त्याचे वडील, महापालिकेच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. घरात शिट्ट्यांचा हा ढीग! त्यातली एक गेली तर कुणाला कळतंय?

कळलं. दिवाळीनंतर सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या सन्मानासाठी खो-खोचा सामना ठरवला. सर म्हणाले, "येतो. पण शिट्टी माझी पहिलीच घेऊन येईन. नोकरी लागली त्या दिवशी आईने गळ्यात घातली होती ती." आणि कपाट उपसायला सुरुवात झाली. रोज संध्याकाळी एक खण. शेजारी भूषण, तोही शोधल्यासारखं करणारा! हिंमत झाली नाही त्याची सांगायची.

तेवढ्यात इंटरनेटवर आमच्या डब्याच्या पानावर कुणा 'जुना वाटाड्या'ने लिहिलं: रविवारी सकाळी येत आहे.

"संपलं," भूषण म्हणाला. "तो शिट्टी घेणार आणि दोन रुपयांचा कीचेन ठेवून जाणार."

शनिवारी ऑफिसचं काम उरकून आम्ही दिवेलागणीला पोचलो. काठाजवळच्या एका शेतात तंबू ठोकला. शेत शालूताईंचं. पहाटे आम्ही बूट चढवतोय तोवर त्या चहाची किटली घेऊन हजर.

"च्या घ्या आन् मंग जावा. डबा काय पळून चाललाय का?"

"पळवून नेणारा येतोय, ताई," दीक्षा म्हणाली.

"त्याला बी च्या लागंलच की," शालूताई म्हणाल्या. चहा घेऊनच निघालो.

काय सकाळ होती ती! पाण्यावर धुक्याचा पातळ थर, पलीकडच्या काठावर टिटव्यांची जोडी ओरडत होती, आणि कंपनीच्या बसचा एकही हॉर्न नाही. गवत दवाने इतकं भिजलेलं होतं की गुडघ्यापर्यंत पँटी चिंब झाल्या. मला तर वाटलं, शिट्टीबिट्टी राहू दे, इथेच बसावं आणि सोमवार येऊच देऊ नये. पण भूषण पुढे निघाला होता, यंत्रावरची नजर न काढता, आणि त्यामुळे घाणेरीच्या काट्यांत दोनदा सरळ घुसला.

"दादा, समोर बघ!"

"बाण सरळ दाखवतोय."

"बाणाला काटे टोचत नाहीत," मी म्हणाले.

ओढा लागला. मेमध्ये हा ओढा नव्हताच, नुसते गोटे होते. आता मांडीभर पाणी, आणि ते असं गार की तोंडातून शब्द फुटेना. एकमेकांचे हात धरून पलीकडे गेलो. चढ चढलो, करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या, आणि शेवटच्या उतारावर येऊन तिघंही थांबलो.

टेकाड होतं. अगदी तिथेच होतं. पण त्याच्या चहूबाजूंनी पाणी!

दीक्षाच सगळ्यात आधी हसली. "आपण धरणात डबा लपवला, दादा. धरणात!"

मेमध्ये आलो तेव्हा सगळीकडे भेगाळलेली जमीन होती, गुरं चरत होती. हे धरण आहे आणि धरण भरतं, हे तीन पदवीधरांच्या डोक्यात आलं नाही. माझं पोट तर दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर चालतं. काय कप्पाळ काढलं मी!

"पूर्ण बेट नाहीये," भूषण म्हणाला. "ती बघ."

काठापासून टेकाडापर्यंत एक चिंचोळी पट्टी पाण्याबाहेर आली होती. नुकतंच पाणी थोडं उतरलं असावं. वरून वाळलेली, बारीक भेगा पडलेली, मध्ये मध्ये हिरवं गवतही.

"मला नाही आवडत ती," मी म्हणाले.

"तुला काहीच आवडत नाही, ऋतुजा. कामच ते तुझं."

"भूषण, थांब. आधी काठी घालून बघू."

पण तेवढ्यात पलीकडे, टेकाडावरच्या करवंदीत, काहीतरी लाल हललं. माणूस होता! लाल जर्किन घातलेला, जाळीत वाकलेला.

"तो पोचला!" भूषण ओरडला आणि पळत सुटला.

सुरुवातीला पट्टीने त्याला झेललं. मग पाऊल जरा रुतलं. मग घोटा. तरी तो पळतच होता. आणि मग एकदम गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय आत! वरचा वाळका पापुद्रा फुटला होता आणि खाली नुसता काळा गाळ होता, लोण्यासारखा मऊ. त्याने उजवा पाय उपसला, डावा मांडीपर्यंत गेला. डावा उपसायला गेला, उजवा गेला.

"दादा!"

दीक्षा धावली. मी तिची बॅग मागून धरली आणि दोघी आपटलो. "तू गेलीस तर दोघांना कोण काढणार?" मी ओरडले.

भूषण आता कमरेपर्यंत होता. तो हात आपटत होता, अंग घुसळत होता, आणि प्रत्येक हिसक्याला थोडा आणखी खाली जात होता. "हलू नकोस!" मी घसा फोडून सांगत होते. त्याला काही ऐकूच जात नव्हतं. त्याचे डोळे मी त्याआधी तसे कधी पाहिले नव्हते.

आणि शिट्टी वाजली.

टेकाडावरून. एकच, लांब, पाण्यावरून थेट कानात शिरणारी.

भूषण थांबला! जागच्या जागी. एक हात वर होता तो वरच राहिला. माझ्या हातात धडपडणारी दीक्षाही तशीच थांबली, अर्धवट उठलेली.

हे तुम्हाला सांगायला हवं. तात्याराव सरांची लांब शिट्टी म्हणजे 'आहात तिथे थांबा'. शाळेत तसं आणि घरीही तसंच. रस्त्यावर पोरं पळाली, गच्चीच्या कठड्याकडे गेली, की लांब शिट्टी. हात वर असेल तर वर, तोंडात घास असेल तर घास तोंडात. ही दोन्ही भावंडं त्यावरच वाढलेली. विचार करायचाच नाही, थांबायचं.

"पप्पांची शिट्टी आहे ही," दीक्षा पुटपुटली.

थांबल्याबरोबर भूषणचं खाली जाणंही थांबलं. आता त्याला ऐकू येत होतं.

"अहो, पाठीवर आडवे व्हा!" लाल जर्किनवाला पलीकडून ओरडत होता. "खुर्चीत रेलता तसे! घाई नको!"

भूषण हळूहळू मागे रेलला. हात पसरले. तो माणूस खाली आला, ज्या फुगवलेल्या बोटीतून तो टेकाडावर पोचला होता ती पाण्याच्या बाजूने ढकलत आला आणि तिच्यावर पालथा पडून ती गाळावरून पुढे सरकवू लागला. बोटीचा दोर त्याने आमच्याकडे फेकला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा दीक्षाने झडप घालून पकडला!

"ओढा! सावकाश! हिसका देऊ नका!"

ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. भूषणने बोटीची कड छातीखाली घेतली, एक पाय सुटला, मग दुसरा. एक बूट गाळाने ठेवून घेतला. बोट, ती दोन माणसं आणि मणभर चिखल असं सगळं घसरत घसरत काठाला लागलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दीक्षा भावाला मिठी मारून रडली आणि मग त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. दोन्ही अगदी योग्य होतं.

लाल जर्किनवाले गृहस्थ सत्तरीच्या घरातले होते. नाव गोपाळकृष्ण, राहणार सदाशिव पेठ. त्यांनी चष्मा पुसला.

"डबा आपणच लपवलात का?"

"हो," भूषण म्हणाला.

"हे धरण आहे, हे माहीत होतं?"

"हो."

"छान. मला वाटलं, कुणी सांगितलं नसेल."

गळ्यात शिट्टी होती. भूषणने चिखलाच्या तोंडानेच सगळं सांगितलं, खण, कपाट, खो-खो, सगळं. गोपाळकृष्णांनी ऐकून घेतलं.

"मी नियमाने घेतली आहे. बदल्यात चांगलं होकायंत्र ठेवलंय. आता आपण काय देता? तोडीचं हवं."

भूषणने जीपीएस यंत्र पुढे केलं. त्याने जिवापाड जपलेली वस्तू.

"ते ठेवा. बाणामागे पळता तुम्ही, ते आधी सोडा." त्यांनी बोटीतून आमचा डबा काढला. "मला हा डबा द्या. अख्खा. इंटरनेटवरचं पान बंद करा. मी तो अशा जागी ठेवीन, जिथे शोधणारा जिवंत परत येतो."

आमचा पहिला डबा होता तो. त्यावर दीक्षाने तिघांची नावं रंगवली होती. भूषणने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घ्या, काका," तो म्हणाला.

शिट्टी त्याच्या हातात पडली. "उष्टी आहे. धुऊन घ्या," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि बोट काखोटीला मारून चहा कुठे मिळेल याची चौकशी करू लागले. आम्ही त्यांना शालूताईंकडेच नेलं.

संध्याकाळी मीही भूषणच्या घरी गेले. तो एकटा नको, म्हणून. सरांनी शिट्टी घेतली, तळहातावर आपटली. आतून वाळक्या मातीचा कण पडला.

"कुठे होती?"

भूषणने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सर ऐकता ऐकता पलंगावर बसले. रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी शिट्टी सदऱ्याला पुसली.

"गाळात होतास तेव्हा ऐकू आली?"

"आली, पप्पा."

"थांबलास?"

"थांबलो."

सर उठले आणि ती शिट्टी त्यांनी भूषणच्या गळ्यात घातली. "राहू दे ही तुझ्याकडे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आधी आंघोळ कर जा. वास मारतोय."

पुढच्या शनिवारी मैदानावर सरांच्या हातात प्लॅस्टिकची हिरवी शिट्टी होती, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली. पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेले विद्यार्थी खांबांमधून धावत होते, धापा टाकत होते, एकमेकांना ओरडत होते. पितळी शिट्टी गळ्यात घातलेला भूषण आणि मी कडेला वडा खात उभे होतो.

सरांनी लांब शिट्टी वाजवली. सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. भूषणचा घास तोंडातच राहिला. आणि काय सांगू, माझाही!