बाहुलीचं दुपटं

पेटीचं कुलूप लागलेलं होतं, काच शाबूत होती आणि आतलं दुपटं नाहीसं झालं होतं.

तिला आधी वाटलं, आपणच काढून ठेवलं असेल. बाळ झाल्यापासून डोक्याची चाळण झाली होती. पण नाही. काल निघताना तिने ते स्वतःच्या हातांनी बाईच्या पुतळ्याच्या कडेवर सेफ्टी पिनांनी पक्कं केलं होतं. आता पुतळा रिकामा हात वाकवून उभा होता.

या खात्याच्या दारावर पाटी नव्हती. शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर तो "काहीतरी सरकारी आहे" एवढंच सांगायचा. अशा खात्याला आता आपलं काम लोकांना थोडं दाखवावंसं वाटू लागलं होतं. पुढच्या दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडून बघायच्या. समितीला पटलं तर दारं उघडायची, नाहीतर पुन्हा अळीमिळी गुपचिळी. मांडणी करायला बाहेरून बोलावलेली ती एकटीच. समिती उद्या येणार होती.

दुपटं ही सगळ्यांत मोलाची वस्तू. त्याच्या अस्तरात रेशमी कापडावरचा नकाशा शिवलेला होता. खात्याची एक बाई त्या दुपट्यात बाहुली गुंडाळून, आईचं सोंग घेऊन, सीमेपलीकडे जाऊन आली होती.

सुरक्षा अधिकारी धावत आला. मनातल्या मनात ती त्याला कुलूपराव म्हणायची.

"शेवटचं कोणी पाहिलं?"

"मी. काल संध्याकाळी."

"पेटीची किल्ली?"

"तुमच्याकडे दिली. तुम्ही लिफाफ्यात घालून अभिलेखांच्या मावशींच्या कपाटात ठेवलीत. रोजच्यासारखी."

"लिफाफ्यावरचं सील सकाळी जसंच्या तसं होतं."

"मग?"

"मग काय ते तुम्ही सांगायचं. बाहेरच्या तुम्ही एकट्या."

तिची नजर पेटीवरून हलेना. वरच्या फळीवर पिना होत्या. सगळ्या मिटलेल्या, एकीत एक अडकवून माळेसारख्या केलेल्या.

इमारतीची झडती झाली. इथली रीत अशी, की ज्याची खोली त्यानेच शोधायची. एकाच्या खोलीत काय आहे ते दुसऱ्याला कळता कामा नये. थोड्याच वेळात प्रत्येकाने कळवलं: काही नाही. दुसऱ्याच्या हातांनी उपसली गेली ती फक्त तिची पिशवी. तिच्यातून टोपडं निघालं, बिस्किटं निघाली, खुळखुळा निघाला. कुलूपरावांनी खुळखुळा कानाशी नेऊन हलवला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

मग मोठे साहेब आले. बसले नाहीत.

"काल तुम्ही माझ्यासमोर काय म्हणालात?"

"की ती बाहुली नव्हती. दुपट्यात खरं बाळ होतं."

"कोण कोण होतं तेव्हा?"

"तुम्ही, हे, आणि कागद घेऊन आलेल्या मावशी."

"आणि मी काय म्हणालो?"

"फाइलमध्ये बाहुली आहे, पाटीवर बाहुलीच लिहा."

"तुम्हाला घरी बाळ आहे, म्हणून जिथे तिथे बाळ दिसतं. माझी मुलं कधी मोठी झाली मला पत्ता नाही. सगळं घरच्यांनीच केलं." साहेब दाराकडे वळले. "संध्याकाळपर्यंत वस्तू मिळाली नाही तर तुम्हाला मागच्या इमारतीत नेतील. चौकशीला."

"किती वेळ?"

"ते तिथले लोक ठरवतात."

"साहेब, माझी मुलगी पाळणाघरात आहे. नवरा परगावी असतो. दुसरं कोणी नाही हो तिला आणायला. निदान एक फोन करू द्या."

"फोन दारावर जमा आहेत," कुलूपराव म्हणाले. "आज दार बंद."

तिच्यावर लक्ष ठेवायला अभिलेखांच्या मावशींना बसवलं. मावशी निवृत्तीला आलेल्या. साऱ्या खात्याचे लिफाफे, लाख आणि सील सांभाळायचं काम त्यांचं. इथे हसून बोलणारं माणूस म्हणजे त्याच.

"पाणी पी," मावशी म्हणाल्या. "आणि त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याचा स्वभावच तसा."

"कुलूपरावांचा?"

मावशी खुदकन हसल्या. "हेच नाव ठेवलंस का? शोभतं. लग्न नाही झालं त्याचं. कोण करणार? बायकोला रोज दारात झडती द्यावी लागेल."

"आणि तुमचं?"

"मी एकटा जीव सदाशिव. ना लेकरू, ना बाळ." त्यांनी पेला पुढे सरकवला. "एका चघळलेल्या दुपट्यासाठी काय हा गोंधळ."

पेला तिच्या हातात तसाच राहिला.

दुपट्याचा एक कोपरा चघळलेला होता, हे खरं. दात येणाऱ्या बाळाने चघळावा तसा, धागे पिंजलेला. त्यावरूनच तर तिने खरं बाळ ओळखलं होतं. पण काल साहेबांनी तिला पुढे बोलूच दिलं नव्हतं. दुपटं सीलबंद खोक्यातून आलं, खोकं तिने एकटीने उघडलं, आणि मांडताना तो कोपरा आत दुमडला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "त्या पिना तुम्ही मिटून ठेवल्यात."

मावशींचं हसू ओठांवरच राहिलं. बाहेर कोणाचे तरी बूट वाजले आणि दूर गेले.

"सवय," मावशी म्हणाल्या. "रांगतं मूल काय उचलून तोंडात घालील, नेम नसतो."

"मी काही बोलणार नाही."

"आणि तुझी पोर? कोणाच्या दारात बसेल ती?" मावशींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "माझ्या हातून उगाच तुझ्यावर आलं, पोरी. मला वाटलं होतं, ते गुपचूप दाबून टाकतील. सगळं दाबतात तसं. सांगून टाक."

"तुमचं काय होईल?"

"माझं व्हायचं ते कधीच झालंय."

संध्याकाळ कलली. साहेब आणि कुलूपराव आत आले. ती उठून उभी राहिली. आपण बोललो तर काय होणार, हे तिला दिसत होतं. नाही बोललो तर काय होणार, तेही. तिने मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"काच फोडली नाही, म्हणजे चोराकडे किल्ली होती," ती म्हणाली. "किल्ली सीलबंद लिफाफ्यात. पण लिफाफे, लाख आणि सील एकाच माणसाच्या हातात असतं. त्याला सील मोडून नवं लावायला कितीसा वेळ लागतो?"

कुलूपराव मावशींकडे वळले.

"दुसरं, त्या पिना. घाईतला माणूस पिना उपसून टाकून देतो. या चोराने त्या मिटल्या, एकीत एक ओवल्या आणि उंचावर ठेवल्या. घरात रांगतं बाळ असलं की आई असं करते, मीही करते. साहेबांनी मुलांचं काही केलं नाही, यांना मूल नाही. मावशींनाही नाही, असं त्या म्हणतात. पण कोपरा चघळलेला आहे हे त्यांना माहीत होतं. तो मी आत दुमडला होता."

"आणि झडती?" कुलूपरावांनी विचारलं.

"मावशींची खोली कोणी शोधली?"

"मावशींनी."

पुढे काही सांगायची गरज उरली नाही. कुलूपराव मावशींबरोबर अभिलेखाच्या खोलीपर्यंत गेले आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले. मावशींनीच आत जाऊन दुपटं आणलं. घडी छातीशी धरली होती.

"मावशी, का?" कुलूपरावांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला.

"जाताना बाळ हवं होतं, म्हणून माझं नेलं. परत येताना ते तापाने फणफणलं होतं, सारखं रडत होतं. निरोप आला, रडणारं मूल घेऊन नाक्यावर यायचं नाही. तिथल्या एका बाईच्या ओटीत घातलं आणि नुसतं दुपटं घेऊन आले." त्या साहेबांकडे वळल्या. "निरोप तुमचा होता. मी गप्प बसले. आता चार लोक तिकीट काढून येणार, आणि माझ्या लेकराला बाहुली म्हणून बघणार. ते नाही बघवणार मला."

"फाइलमध्ये बाहुली आहे," साहेब म्हणाले.

"फाइल तुम्हीच लिहिलीत."

साहेबांनी दुपटं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मावशींची बोटं लगेच सुटली नाहीत.

"वस्तू इमारतीबाहेर गेलेली नाही. म्हणजे चोरी झालेली नाही," ते म्हणाले. "यांना मागच्या इमारतीत न्या. आणि बाई, तुम्ही घरी जा. पेटी सकाळी लावून घ्या."

"साहेब, पाटीवर निदान..."

"सकाळी," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

दारातून नेताना मावशी तिच्याजवळ थांबल्या.

"रात्री झोपते का तुझी?"

"नाही. दात येताहेत."

"मग घेऊन बस. रडली तर रडू दे."

त्यांच्या मागे दार लागलं. ते दार पलीकडे कुठे उघडतं हे विचारायची इथे कुणाला सोय नव्हती. तिने फोन घेतला आणि पळत सुटली.

पाळणाघरात एकच दिवा चालू होता. सगळी मुलं गेली होती. ताईंच्या मांडीवरून मुलीने दोन्ही हात पुढे केले. तिने मुलीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं, की मुलगी रडू लागली.

"अहो, जरा सैल धरा," ताई म्हणाल्या.

तिला जमेना.