काळीमाय चुरा

चाळीस वर्षं ज्या माणसाने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मातीच्या एका ढेकळावरही विश्वास ठेवला नाही, तो माणूस एका काढ्याच्या जाहिरातीला भुलून रक्तदाबाची गोळी बंद करायला निघतो, याला काय म्हणायचं? या कोड्यापुढे मृण्मयीने हात टेकले होते.

हा माणूस म्हणजे तिचे आबा. परभणीचे भानुदासराव कानडखेडकर, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). नातीचं नावसुद्धा त्यांनी मातीवरूनच ठेवलेलं. मृण्मयीचे आईबाबा दूर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असत. त्यामुळे घरात आबा, अकरा वर्षांची मृण्मयी आणि नवबा, एवढी तीनच डोकी.

नवबा म्हणजे 'सहायक-नऊ' जातीचा यंत्रमानव. कंपनीने तो फुकट दिला होता. फुकट म्हणजे काय, तर भाजी चिरता चिरता आणि केर काढता काढता दिवसभर त्याने जाहिराती म्हणायच्या. सरकारने त्याला एकच अट घातली होती. जाहिरातीबद्दल कोणी सरळ प्रश्न विचारला, तर यंत्रमानवाने खरं तेच सांगायचं.

"हृदयाची काळजी, हृदयराज काढा. दहापैकी नऊ डॉक्टरांची पसंती. फक्त सात बाटल्या शिल्लक." हे ऐकून ऐकून मृण्मयीचे कान किटले होते. सोबत नवबाच्या छातीवरच्या पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस गोड हसायचा. आणि त्या सात बाटल्या! तीन महिने झाले, सातच्या सातच. मेल्या संपतही नव्हत्या.

सोमवारी सकाळी आबांनी जाहीर केलं की त्यांनी काढा मागवलाय, दहा दिवसांनी बाटली येईल, आणि ती आली की गोळ्या बंद. दोन वर्षांपूर्वी आबांनी कंटाळून आठवडाभर गोळ्या घेतल्या नव्हत्या, आणि ते अंगणात कुंड्यांपाशी कोसळले होते. शेजारच्या दुधाटे गुरुजींना बोलवायला अनवाणी धावली होती ती हीच. त्या दिवशीचं आबांचं वाकडं झालेलं तोंड अजून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

आईने फोनवरून झापलं. डॉक्टरांनी समजावलं. आबांचं आपलं एकच, की जाहिरातीला भुलायला ते काय दूधखुळे आहेत? जाहिराती बाकीच्या लोकांसाठी असतात. त्यांनी आपला विचार करून ठरवलंय.

"आबा, गोळ्या बंद करा असं नवबा कधी म्हणाला?" मृण्मयीने विचारलं.

"म्हणाला नाही. पण त्याचा अर्थ तोच होतो की."

घ्या! म्हणजे जाहिरातीने वाक्य अर्धवट सोडायचं, ते पुरं करायचं यांनी, आणि वर म्हणायचं की हा माझाच विचार. मृण्मयी चरफडत स्वयंपाकघरात गेली आणि दुधात उंची वाढवणाऱ्या 'उंचझेप' पावडरीचे रोजचे दोन चमचे घालून खडाखडा ढवळायला लागली. भांडी घासत असलेल्या नवबावर तिने सगळा राग काढला. तेच ते इतक्या वेळा बडबडायला त्याला लावतात तरी कशाला, असं तिने विचारलं, आणि प्रश्न सरळ होता म्हणून नवबाने सरळ उत्तर दिलं.

याला पुनरावृत्ती (तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे) म्हणतात, तो म्हणाला. माणसाचा मेंदू कामचुकार नाही, पण काटकसरी आहे. प्रत्येक गोष्ट तपासत बसला तर तो थकून जाईल. म्हणून नवी गोष्ट तो तपासतो आणि ओळखीची गोष्ट तशीच आत सोडतो. सतत कानावर पडलेलं नाव ओळखीचं होतं. मग ते ओळखीचं आहे म्हणून खरं वाटायला लागतं. गंमत अशी, की ऐकणाऱ्याने कंटाळून लक्ष देणं बंद केलं, तरी हे काम आत चालूच राहतं.

मृण्मयीचा चमचा थांबला. आबांना बोलून पटणार नव्हतं. त्यांना फक्त प्रयोग पटायचा. मग प्रयोगच करू.

नवबात घरचे निरोप भरून ठेवायची सोय होती. तिने एक निरोप भरला : 'मातीला बळ, काळीमाय चुरा. शेतकऱ्यांचा विश्वास.' रोज वीस वेळा.

"असा चुरा अस्तित्वात नाही," नवबा म्हणाला. "कोणी विचारले तर मी तसे सांगेन."

"सांग की. कोणी विचारलं तर ना."

पहिल्या दिवशी आबांनी पेपरातून डोकं वर काढून हे काय नवीन खूळ, म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. पण त्यांनी नवबाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मान वर करणंही थांबलं. सहाव्या दिवशी ते अंघोळ करताना 'मातीला बळ' असं गुणगुणत होते, आणि बाहेर मृण्मयीला हसावं की रडावं कळेना.

नवव्या संध्याकाळी दुधाटे गुरुजी चहाला आले. त्यांच्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडत होती, काय करावं म्हणाले. मातीचा प्रश्न, आणि समोर मातीतला मोठा जाणकार. आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काळीमाय चुरा घालून बघा."

"तुम्ही वापरलाय का?"

"वापरला नाही. पण नाव आहे हो त्याचं."

मृण्मयी हे ऐकायला नऊ दिवस थांबली होती, पण ऐकल्यावर तिला आनंद झाला नाही. उलट रडूच फुटलं. तसा चुरा जगात कुठेच नाही, ते नाव तिनेच तयार केलंय, असं तिने रडत रडतच सांगितलं. "तुम्हाला मातीतलं सगळं कळतं, आबा. तरी फसलात. मग काढ्यातलं काय कळतं? मला परत अनवाणी धावायचं नाहीये."

गुरुजींना हसू आलं होतं, ते त्यांनी चहात बुडवलं. आबांचे कान लालबुंद झाले. ते तडक उठले आणि अंगणात कुंड्यांपाशी जाऊन बसले. रात्रीचं ताटही त्यांनी तिथेच मागवून घेतलं. एवढ्या शिकलेल्या माणसाचा रुसवा काढायचा तरी कसा? मृण्मयीने नाद सोडला.

सकाळी बाटली आली. आबांनी ती टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि नवबाला समोर उभं केलं. विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसे ते एकेक विचारत गेले. तो पांढऱ्या कोटातला माणूस कोण? नट, नवबाने सांगितलं. कोट पाहिला की लोक प्रश्न विचारत नाहीत. ते दहा डॉक्टर कुठले? कंपनीच्याच पगारावरचे. आणि सात बाटल्या?

"गोदामात चाळीस हजार आहेत. संपत आले म्हटले की माणसे घाई करतात. घाईत विचार होत नाही."

"याने रक्तदाब कमी होतो?"

"तसा पुरावा नाही. काढ्यात पाणी, गूळ आणि सुंठ आहे."

आबांनी बाटली बाजूला सारली. मग त्यांनी डबीतून गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर पाणी घेतलं.

"अरे, मग हे तू आधी का नाही सांगितलंस?" आबा वैतागून म्हणाले.

"कोणी विचारले नाही."

आबांनी कपाळावर हात मारला. तो हात तिथेच ठेवून त्यांनी मृण्मयीकडे पाहिलं. ती जिंकल्याच्या आनंदात दुधात 'उंचझेप'चा दुसरा चमचा घालत होती. डब्यावरची मुलं उड्या मारून आभाळाला हात लावत होती. आबांची नजर डब्यावरून दाराच्या चौकटीकडे गेली. तिथे पेन्सिलीने तिची उंची लिहिलेली होती, दर वाढदिवसाला एक रेघ. गेल्या वर्षी, डबा सुरू केल्यावरची रेघ आधीच्या वर्षांइतकीच वर सरकली होती, एका बोटानेही जास्त नाही.

आबांनी फक्त भुवई उंचावली.

मृण्मयीने चौकटीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. पण हे वेगळं आहे, हे तर तिने स्वतः ठरवलं होतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं आणि ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. तिने चमचा खाली ठेवला.

"नवबा," ती म्हणाली, "जरा इकडे ये. मला एक विचारायचंय."