मास्तरांच्या पुढचा नंबर

दार लोटून घ्या आणि जवळ येऊन बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मास्तर सध्या कुठे असतात ते शेवटी विचारायचं नाही.

मास्तर म्हणजे एके काळचे खरोखरचे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. मग तिशीत विमानाचं वेड लागलं, शाळा सोडली, लायसन्स मिळवलं आणि एका मालवाहू विमान कंपनीत को-पायलट म्हणून चिकटले. लहानशी कंपनी, जेमतेम सात विमानं, तीही जुनी. प्रवासी नाहीत, कौतुक नाही. मागे खोकी आणि पुढे दोन माणसं. औषधं, मोटारींचे सुटे भाग, एकदा तर बाराशे कोंबडीची पिल्लं नेली होती. त्या रात्री मास्तरांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

अकरा वर्षं झाली तरी खांद्यावर तीनच पट्ट्या. चौथी पट्टी कॅप्टनची. बायको म्हणायची, "अहो, लग्नाच्या फोटोत केस होते आणि पट्ट्या नव्हत्या. आता केस गेले, तरी पट्ट्या तीनच!" ती हसून म्हणायची, पण मास्तरांना लागायचं. कारण कंपनीचा नियम होता, पन्नाशी उलटलेल्याला कॅप्टन करायचं नाही. मास्तरांना पन्नास पूर्ण व्हायला चार महिने उरले होते.

तर एका मंगळवारी सकाळी मास्तर ऑफिसात गेले, ते साध्या कामाला. नोकरीला लागलेल्या तारखेप्रमाणे को-पायलटांची यादी असते, आणि बढती त्याच क्रमाने. हुशारी, ओळख, वशिला, काही चालत नाही. दर तीन महिन्यांनी नवी यादी भिंतीवर लागते, ती बघायला ते गेले होते. बघायचं तरी काय? गेली तीन वर्षं तेच. पहिला नंबर दादांचा, दुसरा मास्तरांचा.

आणि दादा तीन वर्षांपूर्वी समुद्रावर विमानासकट नाहीसे झाले होते.

दादा मास्तरांहून दोन महिने आधी लागलेले. बस, तेवढाच काय तो फरक. परगावी मुक्काम पडला की दोघे एकाच खोलीत राहायचे. एकाचा पासवर्ड दुसऱ्याला पाठ, एकाचं घोरणं दुसऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. कंपनीची विमानं इतकी जुनी की उतरताना जमीन किती फूट राहिली ते शेजारच्याने मोठ्याने मोजायचं असतं. पन्नास, चाळीस, तीस. सरावाला दोघांची जोडी असायची. मास्तर विमान उतरवत असले की दादा मोजायचे, आणि 'दहा' म्हणून झालं की हळूच जोडायचे, "बसा मास्तर, तास संपला." इतकी वर्षं एकच विनोद, आणि इतकी वर्षं मास्तर हसायचे.

ते विमान मिळालं नाही. कॅप्टन मिळाला नाही, दादाही नाहीत. कॅप्टनच्या घरच्यांनी मृत्यूच्या कागदांवर सह्या केल्या. दादांच्या बायकोने, म्हणजे मास्तरांच्या वहिनींनी, केली नाही. "देह कुठाय?" एवढंच त्या विचारायच्या. सात वर्षं होईपर्यंत घरच्यांच्या सहीशिवाय यादीतून नाव काढता येत नव्हतं.

ऑफिसातल्या यादीवाल्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "मास्तर, जागा निघालीय. दादांना पत्र गेलंय."

"कोणाला?"

"पहिल्या नंबराला. नियमच आहे. पंधरा दिवसांत होकार किंवा नकार आला पाहिजे. नकार आला तर तुम्ही. काहीच आलं नाही तर कंपनी बाहेरून तयार कॅप्टन घेणार. मागच्या दोन्ही वेळा घेतला तसाच."

"बाई, अहो, मेलेला माणूस नकार कसा देणार?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मशीनला मेलेलं-जिवंत कळत नाही, मास्तर. खूण झाली की रांग पुढे सरकते." आणि त्या कागद चाळायला लागल्या.

चौदाव्या दिवशी मास्तर वहिनींकडे गेले. खोटं कशाला बोलू, मनात काही वाईट घेऊन गेले नव्हते. नाव काढण्याच्या कागदावर सही मागायला गेले होते. तीन वेळा घोटून तयार केलेली वाक्यं होती. पण वहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्या मागे खुंटीवर इस्त्री केलेला युनिफॉर्मचा शर्ट दिसला, तसा त्यांनी कागद खिशातच राहू दिला.

"दर आठवड्याला इस्त्री करते," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही कशाला आलात ते कळलं मला. तुमचं वय मला माहीत आहे. पण मी सही केली तर मीच त्यांना बुडवल्यासारखं होईल हो. नाही होणार माझ्याने."

"राहू द्या, वहिनी," मास्तर म्हणाले.

त्या चहा टाकायला आत गेल्या. टेबलावर दादांचा टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता. त्यांचा काही निरोप आलाच तर, म्हणून वहिनी तो रोज चार्ज करायच्या. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. आतून कपबशांचा आवाज येत होता. पासवर्ड बोटांनाच पाठ होता, डोक्याला विचारावंही लागलं नाही. कंपनीचं पत्र वरच होतं. खाली दोन चौकटी, होकार आणि नकार.

मास्तरांनी नकारावर बोट ठेवलं.

मशीनने कारण विचारलं. मास्तरांनी दादांच्या पद्धतीने लिहिलं, 'मागे मास्तर उभा आहे. आधी त्याला बसू द्या.' पाठवलं, टॅबलेट होता तसा ठेवला, चहा प्यायले, साखर कमी आहे असंही म्हणाले.

आता यात त्यांचं एक चुकलं, आणि ते पायलटाखेरीज कोणाचं चुकलं नसतं. कंपनीत को-पायलटाने काहीही कळवलं की त्याची एक प्रत आपोआप घरच्या माणसाला जाते. घरचे काळजीत राहू नयेत म्हणून. पायलटाला स्वतःला ती कधी दिसत नाही. मास्तरांच्या बायकोला अकरा वर्षांत अशा हजार प्रती आल्या असतील, पण मास्तरांच्या ते डोक्यातच नाही.

संध्याकाळी फोन वाजला. वहिनी रडत होत्या, हसतही होत्या.

"भावजी! यांचं उत्तर आलं ऑफिसला! तुमचं नाव लिहिलंय... मी म्हणत नव्हते?"

सांगावं, तर नोकरी जाणार, लायसन्स जाणार, तोंड काळं होणार. न सांगावं, तर ही बाई दाराकडे डोळे लावून बसणार. ते कसेबसे म्हणाले, "बघू, वहिनी... चौकशी करतो." आणि मनाशी ठरवलं, कॅप्टनची परीक्षा होऊ दे, मग सांगू. माणूस असंच ठरवतो.

ऑफिसात कोणी ब्र काढला नाही. मागच्या वीस जणांची रांग मोकळी झाली होती, कोण कशाला विचारतोय? तेरी भी चूप, मेरी भी चूप. मास्तरांचं कॅप्टनचं प्रशिक्षण आधीच झालेलं होतं, फक्त शेवटची परीक्षा राहिली होती. ती तीन आठवड्यांनी सिम्युलेटरमध्ये ठरली.

सिम्युलेटर म्हणजे मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत हुबेहूब विमानाची कॉकपिट, आणि काचांवर दिसतं ते आकाश खोटं. वेळ दुपारी दोनची होती. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मास्तर छोट्या पुलावरून आत गेले, दार बंद झालं, पूल बाजूला झाला. परीक्षक मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी एक कळ फिरवली आणि काचांवर रात्र झाली.

मास्तर डावीकडे बसले, कॅप्टनच्या जागेवर. उजवीकडे एक को-पायलट बाई होत्या. यादीत विसाव्या, बोलायला फटकळ. "मास्तर, घाम पुसा आधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सरकलात तर आम्ही सरकू."

तासभर सगळं ठीक चाललं. परीक्षकांनी एक इंजिन बंद पाडलं, मास्तरांनी सांभाळलं. आग लावली, तीही विझवली. मग उतरायची वेळ आली. परीक्षकांनी खाली धुकं लावलं, आणि त्याच वेळी मास्तरांच्या लक्षात आलं की पायांना गार लागतंय. नुसतं गार नाही, बुटात काहीतरी भरत चालल्यासारखं. आणि वास. बंद खोलीत रबराचा आणि यंत्रांचा वास असतो, पण हा वास ओला होता... बरेच दिवस भिजत पडलेल्या कापडाचा.

"पन्नास," उजवीकडून आवाज आला. "चाळीस... तीस... वीस... दहा."

चाकं टेकली. सुरेख टेकली. मास्तरांनी ब्रेक लावले, विमान थांबलं.

"शून्य," हेडफोनमध्ये आवाज आला.

शून्य कधी कोणी म्हणत नाही.

"उणे दहा... उणे वीस... उणे पन्नास..."

हळू, संथ आवाज होता, काही घाई नसलेला. काचेबाहेरचे धावपट्टीचे दिवे एकेक करून हिरवट होत विझत गेले. उणे दोनशे... उणे पाचशे... मास्तरांनी मान वळवून उजवीकडे पाहिलं. बाई मान खाली घालून कागदावर लिहीत होत्या, त्यांचे ओठ मिटलेले होते. उणे हजार... उणे दोन हजार... आणि मग आवाज थांबला. अगदी कानाशी, जवळून, कोणीतरी हळूच म्हणालं, "बसा मास्तर..."

दिवे लागले.

"उत्तम!" परीक्षक मागून म्हणाले. "अभिनंदन, कॅप्टन."

पुलावरून बाहेर येताना मास्तरांनी बाईंना गाठलं. "शेवटी... ते मोजणं... तुम्ही ऐकलंत?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "ऐकलं म्हणजे काय, मास्तर? तुम्हीच मोजत होतात. मी म्हटलं, जुने शिक्षक, आनंदात उलटे पाढे म्हणतायत... पण आवाज तुमचा नव्हता." आणि त्या भराभरा निघून गेल्या.

यादीवाल्या बाईंनी पत्र दिलं, चार पट्ट्यांची जोडी दिली, पेढा नाही दिला एवढंच. मास्तर पार्किंगमध्ये आले आणि आपल्या गाडीला टेकून उभे राहिले. ज्यासाठी अकरा वर्षं झुरले, ते हातात होतं. बायकोला फोन करायचा होता. पण बोट वहिनींच्या नंबरावर गेलं. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. नोकरी जाईना का. पट्ट्या परत करू. पण त्या इस्त्रीच्या शर्टाचं ओझं त्यांना पेलवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"वहिनी, मी बोलतोय. मधे बोलू नका, मला एकदम सांगू द्या. ते उत्तर... दादांचं नव्हतं. तुम्ही चहा करायला आत गेलात ना, तेव्हा मी पाठवलं. मी पापी माणूस आहे, वहिनी. दादा नाहीत. ते गेले. मला क्षमा करू नका, पण आता वाट बघू नका."

"तुम्ही पाठवलं?" वहिनी कुजबुजल्या. तोंडावर हात धरून बोलावं तसा आवाज होता. "भावजी... खरं सांगताय?"

"माझ्या मुलीची शपथ."

"मग..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मग अर्ध्या तासापूर्वी जे घरी आलं... आत पलंगावर बसून बूट काढतंय... ते कोण आहे?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी परीक्षकांनी दिवे लावले होते.

"मी तोंड नाही पाहिलं हो अजून," वहिनी म्हणाल्या. "पाठ करून बसलेत. मला वाटलं, दमलेत... हाक मारली तर 'ओ' दिली... भावजी, बूट निघतच नाहीयेत त्यांचे. मघापासून काढतायत..."

"वहिनी, घराबाहेर पडा. आत्ताच्या आत्ता."

"दार त्यांच्या बाजूला आहे," वहिनी म्हणाल्या. फरशीवर कोणीतरी चालत आल्याचा आवाज आला, जड, थबथबलेला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. वहिनींचा आवाज परत आला नाही.

मास्तर फोन बंद करू शकले असते. पण त्यांच्यामुळे ती बाई त्या घरात अडकली होती, आणि तिला तसं सोडून फोन ठेवायचा धीर त्यांना झाला नाही. रखरखीत उन्हात, हातात चार पट्ट्या धरून, ते ऐकत उभे राहिले. पलीकडचं कोणी बोलत नव्हतं. नुसतं ऐकत होतं, त्यांच्यासारखंच.

मग कानाला गार लागलं. त्यांनी फोन बाजूला धरून पाहिला. आवाज येतो त्या बारीक भोकांतून पाणी झिरपत होतं. कानाला लागलेलं त्यांच्या गालावरून ओघळलं आणि ओठांपर्यंत आलं. खारट होतं.