बेचाळीस फोटोंचं ओझं

“पाव्हणं, तुम्ही फुकट का राबता?”

दुर्वाच्या तोंडून प्रश्न सुटला मात्र, धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या तनिष्का आणि रेश्मा हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांनीच लावली होती. “तुझ्यात हिंमत असेल तर विचारून दाखव!” आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात उभं राहून ‘हजर’ म्हणायलाही लाजणारी दुर्वा संकपाळ या वर्षी कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हती.

पाव्हणं म्हणजे निवळी गावच्या धक्क्यावरचा यंत्रमानव. धरणाच्या पाण्याकाठच्या या गावात तो दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकासाठी आला होता. ज्यांनी आणला ते न्यायला विसरले. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून “घ्या पाव्हणं” म्हणालं, तेव्हापासून तेच त्याचं नाव पडलं. लाँचच्या निवाऱ्यात, सौर पत्र्याखाली तो उभा असायचा. कुणाचा अर्ज भरून दे, कुणाला मुलाचा मेसेज वाचून दाखव, पोरांची गणितं तपास, अशी कामं दिवसभर चालायची.

पाव्हण्याने मान वळवली. त्याच्या मानेतून कुरकुर आवाज येई.

“प्रश्न चांगला आहे,” तो म्हणाला. “पण उत्तर लांबलचक आहे आणि तुझी साईट आत्ताच बुडाली आहे. आधी काय घेऊ या?”

दुर्वाने निवाऱ्यातल्या पडद्याकडे पाहिलं. रोज तिथे ‘आनंदी लाँच आत्ता कुठे आहे?’ असं मोठ्या अक्षरांत झळकायचं. आज तिथे करड्या रंगात एकच वाक्य होतं : ‘या महिन्याची मोफत मर्यादा संपली आहे.’

तनिष्काचं हसू थांबलं. रेश्मा हळूच म्हणाली, “दुर्वे, आणि सभा तर परवावर आलीय.”

तीच तर खरी अडचण होती. आनंदी ही गावाची लाँच आणि ती चालवायची दुर्वाची आई. पलीकडच्या वाड्यांमधली पोरं शाळेत यायची ती आनंदीतून आणि दवाखान्यात जायचं तरी आनंदीच. लोकांची तक्रार एकच होती : लाँच कुठे आहे ते कळत नाही, उन्हातान्हात ताटकळत बसावं लागतं. शहरातल्या एका कंपनीने नेमकं हे हेरलं. आमच्या लाँचा घ्या, आमचं चकचकीत अ‍ॅप घ्या, सगळं मोबाईलवर दिसेल! रविवारी ग्रामसभा ठरवणार होती, आनंदी ठेवायची की कंपनीला बोलवायचं. कंपनी आली की आईची लाँच काठाला लागली ती कायमची.

म्हणून तर दुर्वाने साईट बनवली होती. चुटकीसाईट नावाच्या मोफत साधनावर. चौकोन ओढायचा, इथे ठेवायचा, फोटो टाकायचा, रंग निवडायचा, झाली साईट! आई प्रत्येक धक्क्यावर पोचली की फोनवर एक बटण दाबायची आणि लाँच कुठे आहे ते पानावर उमटायचं. गाव खूश झालं होतं.

आता मात्र निवाऱ्यात जमलेली माणसं पडद्याकडे बघून कुजबुजू लागली. सरपंच संपतनाना पुढे आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी करडं वाक्य वाचलं आणि म्हणाले, “बघा! फुकटचं ते फुकटच. पोरीने हौसेनं केलं, झालं. पण पोराबाळांच्या खेळण्यावर गाव चालत नाही, दुर्वा.”

दुर्वाचे कान तापले. गेल्या वर्षीची दुर्वा असती तर मान खाली घालून घरी गेली असती.

“नाना, रविवारपर्यंत वेळ आहे ना?”

“आहे की.”

“मग रविवारी बोला.”

नाना भुवया उंचावून निघून गेले. तनिष्काने दुर्वाचा हात दाबला. “भारी बोललीस! पण आता करणार काय?”

“ते मला कुठे माहितीय!” दुर्वा म्हणाली आणि पाव्हण्याकडे वळली. “पाव्हणं, मर्यादा संपली म्हणजे काय? साईट म्हणजे काही डब्यातली साखर आहे का, संपायला?”

“तुझी साईट राहते कुठे?” पाव्हण्याने उलट विचारलं.

“माझ्या फोनमध्ये. म्हणजे... इंटरनेटवर.”

“इंटरनेट हा रस्ता झाला. रस्त्यावर कुणी राहत नाही. तुझं पान दूरच्या एका सर्व्हरवर आहे.” (सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान पाठवून देणारा, दिवसरात्र चालू असलेला संगणक.) “कुणी तुझी साईट उघडतो म्हणजे सर्व्हरला सांगतो, ‘मला ते पान पाठव.’ सर्व्हर पान तुकड्यांत कापतो आणि पाठवतो. पान परत जात नाही. पुढच्याने मागितलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून पाठवायचं.”

“बरं. मग?”

“आनंदीच्या कुशीवर लाल रेघ कशाला रंगवली आहे?”

हे तर निवळीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. “पाणी त्या रेघेच्या वर आलं की माणसं जास्त झाली. आई एकालाही चढू देत नाही मग. खुद्द नानांनाही एकदा उतरवलं होतं.”

“सर्व्हरलाही तशी रेघ असते. महिनाभरात अमुक इतकीच माहिती वाहून नेईन, अशी. तिला विदावहन मर्यादा म्हणतात.” (विदा म्हणजे संगणकात साठवलेली कुठलीही माहिती : अक्षरं, चित्रं, आवाज.) “तुझ्या पानावर आहे काय काय?”

दुर्वा बोटांवर मोजू लागली. “लाँच कुठे आहे ते. वेळापत्रक. आईचा फोन नंबर. आणि... फोटो.”

“किती फोटो?”

दुर्वाने नजर चुकवली. रेश्मानेच सांगून टाकलं, “बेचाळीस! आधी एकच होता, लाँचचा. मग मोऱ्यांच्या काकी म्हणाल्या, आमचा का नाही? मग उतेकरांचं घर रुसलं. मग प्रत्येक घराचा एकेक फोटो लाँचवर उभं राहून काढला. सगळे पहिल्याच पानावर, कुणाचा मागे नको म्हणून!”

पाव्हण्याच्या छातीवरचा दिवा भराभर लुकलुकला. त्याचं हसणं तसंच असायचं.

“आणि काढले तनिष्काच्या मामाच्या नव्या फोनने. म्हणजे एकेक फोटो भिंतीएवढा छापता येईल असा. नीट ऐक. तुझ्या वेळापत्रकाची सगळी अक्षरं मिळून जेवढी विदा होते, तिच्या हजारपट विदा एका फोटोत आहे. असे बेचाळीस. आता डोळ्यांपुढे आण. पलीकडच्या धक्क्यावरून कुणीतरी विचारतं, ‘लाँच किती वाजता?’ उत्तर एवढंच आहे, ‘पाच वाजता.’ पण ते सांगायला तुझा सर्व्हर अख्खा गाव नटवून लाँचमध्ये बसवतो आणि पाठवतो. दुसऱ्याने विचारलं, पुन्हा अख्खा गाव. हा निवाऱ्यातला पडदा तर दर मिनिटाला विचारतो.”

तनिष्काने कपाळावर हात मारला. रेश्मा म्हणाली, “मोऱ्यांच्या काकींना दिवसभर लाँचमधून फिरवतोय आपण!”

दुर्वा हसली आणि हसता हसता थांबली. तिला भागामावशी आठवल्या. पल्याडच्या वाडीत रेंज जेमतेम. मावशींच्या जुन्या फोनवर तिचं पान नुसतं गरागरा फिरत राहायचं आणि गेल्या आठवड्यात त्यांची लाँच चुकली होती. तेव्हा दुर्वा म्हणाली होती, “मावशी, तुमचा फोनच भंगार आहे.”

फोन भंगार नव्हता. अरुंद वाटेवरून आपणच गाव पाठवत होतो.

“म्हणजे चुटकीसाईटने फसवलं नाही,” ती पुटपुटली.

“नाही. मर्यादेची पाटी त्यांनी आधीच लावली होती. तू न वाचताच ‘मान्य’ दाबलंस. बाजारात मिठाईवाला हातावर पेढ्याचा तुकडा ठेवतो ना? आवडला तर विकत घ्या. हे फुकट त्या जातीचं. त्यात वाईट काही नाही. फक्त तुकड्यावर गावजेवण घालायला निघू नये. मोफत साधन हातात घेताना विचारायचं : याची लाल रेघ कुठे आहे? हे माझ्याकडून बदल्यात काय घेतंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या इथून निघायचं ठरवलं तर माझं सामान मला नेता येईल का?”

दुर्वाने ताबडतोब चुटकीसाईट उघडून शोधाशोध केली. सामान नेण्याचं बटण कुठेच नव्हतं. फोटो एकेक करून उतरवता येत होते, पण पान मिळत नव्हतं.

“मग मी नवं पान करते,” ती म्हणाली. “माझं स्वतःचं. मला ओढायचे चौकोन नकोत. आतून कसं असतं ते शिकवा.”

“चौकोन सोपे होते.”

“सोपं करून झालं माझं, पाव्हणं. शिकवा.”

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ तिने निवाऱ्यातच घालवली. पाव्हण्याने तिला एचटीएमएल शिकवलं. (ही खुणांची साधी भाषा आहे. हा मथळा, हा परिच्छेद, हे बटण, असं ब्राउझरला सांगायचं. ब्राउझर म्हणजे फोनमधली पानं उघडणारी खिडकी.) पहिल्या तासाला दुर्वा एक खूण बंद करायला विसरली आणि सगळं पान मथळ्याएवढ्या ढब्ब्या अक्षरांत आलं. रेश्मा म्हणाली, “असंच ठेव, नानांना चष्मा लागणार नाही.” दुसऱ्यांदा वेळापत्रक गायब झालं. तिसऱ्यांदा सगळं बसलं तेव्हा दुर्वाने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की पाण्याकाठचे बगळे उडाले.

लाँचची जागा लिहायला तिने इंटरनेटवरचा एक मोफत सामाईक तक्ता घेतला. आई बटण दाबणार, तक्त्यात धक्क्याचं नाव पडणार, पान ते वाचून दाखवणार. पान ठेवायला अशी मोफत जागा शोधली जिथून फाईल उचलून दुसरीकडे नेता येते. तिथलीही लाल रेघ तिने या वेळी शोधून वाचली, दोनदा. एक प्रत स्वतःच्या फोनमध्ये ठेवली, एक पाव्हण्याच्या पोटात.

राहिले फोटो. ते काढून टाकले असते तर बेचाळीस घरं रुसली असती, आणि रविवारी हात वर करायचे होते त्यांनीच. तनिष्काने मोफत साधनाने प्रत्येक फोटोचा आकार कमी केला. पडद्यावर फरक कुणाला दिसेना, वजन मात्र कुठल्या कुठे गेलं. मग दुर्वाने त्यांना वेगळं पान दिलं : ‘आमची माणसं’. ज्याला बघायचं तो दाबेल, ज्याला लाँच गाठायचीय त्याच्या वाटेत कुणी येणार नाही.

शनिवारी दुपारी ती आईबरोबर पल्याडच्या वाडीला गेली. भागामावशी धक्क्यावरच भेटल्या.

“मावशी, तुमचा फोन द्या.”

“भंगार आहे की तो,” मावशींनी टोमणा मारला.

“माझं पान भंगार होतं, मावशी. फोन चांगला आहे.”

कोपऱ्यात रेंजची एकच काडी दिसत होती. दुर्वाने पत्ता दाबला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं आणि एक म्हणायच्या आत पान उघडलं. ‘आनंदी आत्ता : पल्याडची वाडी. निवळीला पोचेल : पाच वाजता.’

मावशींनी फोन हातात घेतला, समोर उभ्या लाँचकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. “अगं बाई, खरंच इथं हाय की!”

परत आल्यावर दुर्वा आधी निवाऱ्यात धावली. “पाव्हणं, चाललं! आता माझं उत्तर द्या. पैजेचं.”

“मी फुकट का राबतो, हेच ना? माझ्या डोक्यातला मराठी समजणारा भाग कुणी लिहिला माहीत आहे? शेकडो माणसांनी, एकमेकांना न भेटता. माझं चाक ओल्या फरशीवर घसरायचं. ते थांबवणाऱ्या काही ओळी एका शाळकरी मुलीने लिहिल्या आणि सगळ्यांसाठी ठेवून दिल्या. अशा आज्ञावलीला मुक्त आज्ञावली म्हणतात.” (आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचं त्याच्या सूचना, मुक्त म्हणजे कुणीही वाचावी, वापरावी, सुधारावी, अशी परवानगी दिलेली.) “हे फुकट पेढ्याच्या तुकड्यासारखं नाही. मी फुकट राबत नाही, दुर्वा. मला आधीच पुष्कळ मिळालंय. मी ते पुढे देतो.”

दुर्वाने फोनमधली आपली फाईल उघडून नुसती पाहिली. इतक्याशा ओळी.

ऊन कलत होतं. आई आनंदीचा दोर धक्क्याच्या खांबाला बांधत होती आणि अप्पा, म्हणजे दुर्वाचे वडील, मधपेट्यांकडचं काम आटोपून दोघींना न्यायला आले होते.

“दमलीस का गं?” आईने विचारलं. “उद्या सभेला नाही आलीस तरी चालेल. मोठी माणसं काय ते ठरवतील. कंपनी आली तर आली.”

अप्पाही मान हलवत म्हणाले, “नानांच्या तोंडी कशाला लागायचं उगीच?”

दुर्वा लाँचच्या कठड्यावर चढून उभी राहिली. खाली लाल रेघ पाण्याच्या चांगली वर होती.

“आई, अप्पा, मी सभेला येणार आणि बोलणार. माझा फोन दाखवणारच नाही. नानांना सांगणार, तुमचा फोन काढा, भागामावशी तुम्ही काढा, आणि कंपनीचं अ‍ॅपही पल्याडच्या वाडीत उघडून दाखवा. मग गाव काय ते ठरवेल.”

“आणि गावाने नाही म्हटलं तर?” आईने हळूच विचारलं.

“तरी पान जाणार नाही, ते माझ्याकडे आहे. सोमवारी मी ते काठावरच्या सगळ्या गावांसाठी खुलं करणार. ज्याची लाँच आहे त्याने आपलं नाव घालावं आणि वापरावं, आणखी चांगलं करावं.”

“फुकट?” अप्पांनी डोळे मोठे केले. “अगं, दोन दिवस राबलीस आणि फुकट देणार? का म्हणून?”

दुर्वाने निवाऱ्याकडे पाहिलं. छातीवरचा दिवा भराभर लुकलुकत होता.

“कारण मला आधीच पुष्कळ मिळालंय, अप्पा. माझं ठरलंय.”