श्रावणातली सुंगटांची चटणी

ब्रॅंडन मला पहिल्यांदा भेटला तो मालवणच्या बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत. आणि भेटल्याबरोबर मला त्याचा संशय आला.

पाऊस उघडझाप करत होता. कोपऱ्यातल्या मावशीच्या टोपलीत सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, अगदी तळाला उरली होती. पण काय सुंगटं होती... लालसर, स्वच्छ, वाळूचा कण नसलेली. मी छत्री मिटत म्हटलं, "सगळी द्या." आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यामागून एक भिजलेला आवाज आला, "सगळी बांध गो मावशे."

मी वळले. चिंब भिजलेले केस, हातात हेल्मेट आणि चेहऱ्यावर हसू. कारण नसताना हसणारी माणसं मला आवडत नाहीत.

"मी आधी बोलले," मी म्हटलं.

"तू आधी बोललंस, पण मी आधी बघितलंय."

"सुंगटं?"

"...ती पण."

मावशी पदरात तोंड लपवून हसली. मी काही बोलायच्या आत तो मागे सरकला. "हिकाच दी गो सगळी," म्हणाला आणि पावसात निघूनही गेला.

आता मालवणात चांगली सुंगटं अशी कुणी दुसऱ्याला सोडून देत नाही. सख्खा भाऊसुद्धा देत नाही. मी घरी येऊन सगळी सुंगटं सुपात पसरली आणि एकेक उलटीपालटी करून तपासली. कुठेही काही खोट नव्हती. त्यामुळे तर माझा संशय जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी प्रकल्पाच्या जोड्यांसाठी चिठ्ठ्या काढल्या. आम्ही वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. सरांचं म्हणणं, कागदावरच्या योजना खूप झाल्या, या वर्षी प्रत्येक जोडीनं एखादा लहानसा धंदा खरोखर सुरू करून दाखवायचा. माझ्या नावापुढे निघालं ब्रॅंडन. मागच्या बाकावर कालचं हेल्मेट होतं. गोव्यात मामाकडे राहून शिकत होता आणि यंदाच देवबागला घरी परतला होता, असं माझ्या शेजारी बसणाऱ्या तन्वीनं कानात सांगितलं. गोवा सोडून कुणी परत येतं का? मी तेही मनात नोंदवून ठेवलं.

धंदा कोणता, हे मात्र माझं आधीच ठरलेलं होतं. अक्का, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. तिच्या हातची सुक्या सुंगटांची चटणी खाल्लेला माणूस निघताना बाटली मागतोच. मंद आचेवर भाजलेली सुंगटं, सुकं खोबरं, लसूण, मिरची, आमसूल... एवढंच असतं, पण जमतं ते अक्कालाच, आणि तिच्या मागे उभी राहून राहून मला. ती चटणी बाटल्यांत भरून विकायची, हे माझं कधीपासूनचं स्वप्न.

बाबांचं स्वप्न वेगळं. ते तहसील कचेरीत आहेत. परीक्षा झाली की मी ठाण्याला काकाकडे जायचं आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं, हे त्यांनी मंजूर करून टाकलं होतं. मी रडले, भांडले. शेवटी ते म्हणाले, "ओळखीचे लोक भिडेखातर एकदा घेतात, भार्गवी. परक्या माणसानं दुसऱ्यांदा मागून नेली, तर मागची पडवी तुझ्या धंद्याला. नाहीतर ठाणे."

मला ठाण्याला जायचं नव्हतं. मला इथेच राहायचं होतं. म्हणून या प्रकल्पात कुणी काही लपवलेलं, फसवलेलं मला चालणारच नव्हतं.

आषाढभर आम्ही पडवीत चटणी केली. ब्रॅंडन कामाला चोख होता. पण त्याची एक खोड होती, मी काही समजावत असले की तो कढईकडे न बघता माझ्याकडे बघायचा.

"लक्ष कुठे आहे तुझं?"

"हयसरच आसा."

"सुंगटं करपतायत."

"करपूंदेत. तुझ्या आवाजाचो वास जास्त तिखट येता."

मला हसू यायचं आणि ते मी दाबायची. रागावले किंवा घाबरले की मी बाबांसारखी कचेरीतली मराठी बोलते. त्याच्याशी मी एक शब्दही मालवणीत बोलले नव्हते.

मग श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही, तिचा वाससुद्धा चालत नाही. अक्कानं पडवीला कुलूप घातलं. ब्रॅंडन म्हणाला, "आमच्याकडे करतंय. वेरोनिका आंटीची चूल रिकामीच आसा." वेरोनिका आंटी म्हणजे त्याची काकी. पावसात त्यांचं पाहुण्यांचं होमस्टे बंद असतं.

झालं. चटणी तिकडे देवबागला आणि मी इकडे मालवणात. मी ती चाखूही शकत नव्हते. नुसती व्हिडिओ कॉलवर बघायची.

"कॅमेरा कढईकडे धर."

"कढई दिसता. मगे जरा माका पण बघ."

"तिखट बरोबर झालंय?"

"बरोबर."

"खरं सांग."

"खरा सांगतंय गो. तू सगळ्यांकाच असा इचारतंस, की फकत माका?"

"फक्त तुला."

"...बरा वाटला आयकान," तो म्हणाला, आणि मी फोन बंद केला. मला उगाचच गरम होत होतं.

आणि मग ती गोष्ट झाली. बाटल्या खपायला लागल्या. आषाढात खपल्या नव्हत्या तेवढ्या. श्रावणात, जेव्हा निम्मं मालवण मासळीकडे बघत नाही. मी कॉलेजच्या पायरीवर त्याला गाठलं.

"घेतंय कोण?"

"लोक."

"कोण लोक? नाव सांग."

त्यानं मान खाजवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "ती... तुझ्या शेजारची तुळसाकाकी. ती दर आठवड्याक न्हेता."

मी संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन तुळसाकाकीला विचारलं. तिनं कानाला हात लावले. "श्रावणात? गो बाय माझे, माझ्या घराक कांदोसुद्धा येणा नाय."

ज्या श्रावणापायी आमच्या पडवीला कुलूप लागलं, तोच श्रावण हा माणूस खोटं बोलताना विसरला होता. मला हसूही आलं नाही. बाटल्या तो स्वतःच विकत घेऊन कपाटात रचत असणार, माझ्यावर दया येऊन. तसं असेल तर धंदा खोटा, बाबा खरे आणि मी ठाण्याला. आणि खरं सांगायचं तर, ठाण्याइतकंच मला याचंही दुःख होत होतं की खोटं ब्रॅंडन बोलला.

रविवारी मी स्कूटी काढली आणि तारकर्लीवरून थेट देवबाग गाठलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर माड ओले होऊन वाकलेले. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, अलीकडच्या घरात निळा झगा घातलेली एक बाई व्हरांड्यात तांदूळ निवडत होती.

"कोणाक बघतंस गो?"

"ब्रॅंडनचं घर कुठलं?"

तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं. मग घरात तोंड करून हाक मारली, "अगो, येवा बघूक. ब्रॅंडनाची व्हकल इली."

व्हकल म्हणजे नवरी. मी तिथेच थिजले. घराघरांतून बायका बाहेर आल्या. एकीनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. निळ्या झग्यातली ती बाई, फिलोमिना तिचं नाव, कौतुकानं सांगत होती, "वेरोनिकान सांगल्यान, ब्रॅंडनाची व्हकल चटणी करता, तिच्या हातची चव बघा. मगे आमी न घेवन कसा चालात?"

म्हणजे बाटल्या कपाटात नव्हत्या. त्या खरंच विकल्या गेल्या होत्या. पण चटणी म्हणून नव्हे. या बायकांनी गजाल, म्हणजे गावगप्पा, विकत घेतली होती, ब्रॅंडनच्या न ठरलेल्या लग्नाची.

तेवढ्यात तो पलीकडच्या घरातून धावत आला, हातात कढईतलं उलथणं तसंच. "भार्गवी, आयक—"

"तुळसाकाकी कुठे दिसत नाहीत त्या?" मी म्हटलं आणि स्कूटी वळवली.

रस्ताभर डोळे पुसत आले. बाजारात थांबून एक राखी घेतली, मोठ्यातली मोठी, सोनेरी काठाची. नारळी पौर्णिमा आलीच होती. सगळ्या बंदरासमोर त्याच्या हाताला ती बांधायची आणि त्या गजालीवर पडदा पाडायचा, असं मी ठरवलं. त्याचे फोन येत राहिले. मी एकही घेतला नाही.

नारळी पौर्णिमेला मालवणचं बंदर नुसतं फुललेलं असतं. समुद्राला नारळ अर्पण झाला, ढोल वाजले आणि जागोजागी नारळ लढवणाऱ्यांचे, म्हणजे नारळावर नारळ हाणून दुसऱ्याचा फोडणाऱ्यांचे, घोळके जमले. कॉलेजनं प्रकल्पवाल्यांना एका बाजूला टेबलं दिली होती. आमच्या टेबलासमोरून लोक नाक मुरडून पुढे जात होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यामागे उभे होते. ब्रॅंडन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पर्समध्ये राखी होती.

मग गर्दीतून निळा झगा दिसला. फिलोमिना, मागे आणखी बायका, आणि प्रत्येकीच्या हातात धुऊन पुसलेली रिकामी बाटली. आता ही बाबांसमोर 'व्हकल' म्हणणार.

"चटणी दी गो," तिनं बाटली टेबलावर ठेवली.

बाबा पुढे झाले. "आपण आमच्या ओळखीच्या?"

"खंयची ओळख? हिका एकदाच बघितलंय." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "खरा सांगू? पयली बाटली मी गजालीसाठी घेतलंय. वेरोनिकान कायतरी मस्करी केल्यान, आमका खरी वाटली. परवा ह्यो ब्रॅंडन घराघरान फिरान सांगान गेलो, तसा काय नाय, ती माझ्यावांगडा शिकता, चटणी नको आसात तर परत देवा, मी पैसे देतंय. परत काय देवचा? बाटलीत उरलेलाच काय नाय. दुसरी दी."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं, चष्मा काढून पुसला.

"पडवीची चावी अक्काकडे आहे," ते म्हणाले. "श्रावण संपला की मागून घे."

मी बायकांना भरलेल्या बाटल्या दिल्या. ब्रॅंडन लांबूनच बघत होता. फिलोमिना गेल्यावर तो जवळ आला. हातात दोन नारळ. एक माझ्यापुढे धरला.

"लढवूया? माझो फुटलो तर तू इचारशीत ता सगळा खरा सांगतलंय. तुझो फुटलो तर... पर्समधली राखी भायर काढूची नाय."

"राखीचं तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मागसून बाजारात इलंय. तुका बघितलंय."

त्यानं आपला नारळ मुठीत घट्ट धरला. मी माझा उचलून नेम धरून हाणला. पहिल्याच घावाला त्याचा नारळ दुभंगला. पाण्याचा थेंबही पडला नाही. मी एक भकल उचललं, वास घेतला. खवट.

"ब्रॅंडन, हा नारळ जुना आहे."

"आसात."

"तू मुद्दाम हरलास."

"हय. जिंकलंय आसतंय तर बोलूक गावला नसता." त्यानं खाली बघितलं. कारण नसताना हसणारा तो माणूस पहिल्यांदाच हसत नव्हता. "आंटीन मस्करीत सांगल्यान तेव्हाच खोटा म्हणान सांगूक होया होता. पण... आयकान बरा वाटला. दुसऱ्या घरात आयकलंय, तिसऱ्या घरात आयकलंय, जीभच वळाना. आणि तुका खरा सांगलंय तर तू परत बोलूची नाय, असा वाटला. म्हणान तुळसाकाकी."

"आणि बाजारातली सुंगटं? ती का सोडलीस?"

"तू ज्या नजरेन माका बघितलंस ना... माका वाटला, ही घराक न्हेवन एकेक सुंगट तपासतली. तेवढो येळ तरी माझी आठवण काढतली."

मी एकेक तपासलं होतं, आणि खरंच तेवढा वेळ त्याचीच आठवण काढली होती.

मी पर्स उघडली, राखी बाहेर काढली. त्याचा चेहरा उतरला. मी टेबलावरची शेवटची बाटली जवळ ओढली आणि राखी तिच्या गळ्यात बांधली.

"आणि माका?" तो अगदी हळू म्हणाला.

मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. बाबा, अक्का, इगर्जी, देऊळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी तो मला आवडत होता, त्या भिजलेल्या केसांच्या दिवसापासून आवडत होता.

"श्रावणात मी काय चाखणंय नाय," मी म्हटलं. "श्रावण सरांदे."

"तू मालवणी बोललंस."

"श्रावण सरांदे, म्हटलंय ना."

टेबलामागून बाबा डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होते. ती नजर आमच्या घरचीच, आरशात मी ती रोज बघते. मी घाईनं नजर वळवली आणि ते खवट भकल ओढणीत गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

"ता कित्याक घेतलंस?" ब्रॅंडननं विचारलं.

"घराक न्हेवन तपासूक," मी म्हटलं.