नळापर्यंतची दोरी

लिफ्टचा दोर तपासताना मी मुठीत फडकं धरते. दोर हळू सरकत जातो. एखादी तार तुटून वर आली असेल तर फडकं अडकतं. डोळ्यांना दिसत नाही ते असं सापडतं. मी हेच काम करते.

*

गादीवर उड्या मारायला मनाई आहे असं कोणत्याच हॉटेलात लिहिलेलं नसतं. हे थोरलीने शोधून काढलं आणि धाकटीला सांगितलं.

*

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. दात घासल्याशिवाय आमच्या घरात कोणाच्या तोंडात घोटभर चहा जात नाही. सुट्टीत नाही, तापात नाही, रुसव्यात तर नाहीच.

*

सासूबाईंना निघायची घाई असते. पोहोचल्या पोहोचल्याही असते.

*

त्या सकाळच्या धुक्याला वास होता. ओल्या चुन्यासारखा.

*

शेवटच्या हॉटेलात शेजारच्या खोलीतला माणूस अंगावर टॉवेल गुंडाळूनच आमच्या दाराशी आला होता. "मुलं आहेत की घोडी?" त्याने विचारलं.

"घोडी खाली बांधलीत," सासूबाई म्हणाल्या. "या नाती आहेत."

त्यानंतर आम्ही तंबू विकत घेतला. गवतावर कितीही उड्या मारा, खाली कोणी राहत नाही. मुली अनवाणी फिरायच्या, नवरा स्टोव्ह पेटवता पेटवता गायचा, सासूबाई सगळ्यांना स्वेटर घालायच्या. आमच्या घरात इतका आनंद एका वेळी मावत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, तुम्ही परत कशा गेलात. आम्ही दर वर्षी जातो.

दोरीची पद्धत गुंडीमुळे सुरू झाली. गुंडी म्हणजे धाकटी. वाटोळी, आणि सारखी हरवणारी. एकदा ती तोंड धुऊन आली आणि भलत्याच तंबूत शिरून एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मधे झोपली. सापडली तेव्हा त्यांची बिस्किटं खात होती. आम्ही रडवेले झालो होतो आणि नवरा विचारत होता, "आधी दात घासलेस का?"

तेव्हापासून कुठेही गेलो की तो पहिलं काम हेच करतो. तंबूशेजारच्या झाडापासून नळापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधतो, गुंडीच्या खांद्याइतक्या उंचीवर. पांढरी, सुती, बारीक विणीची दोरी. जाताना डावा हात दोरीवर, येताना उजवा. सोडायची नाही. सकाळी मुली डोळे न उघडताच नळापर्यंत जातात, घासतात आणि येतात. इतर लोक दोरीवर टॉवेल टाकून जातात. सासूबाई ते घडी करून ज्याचे त्याला परत देतात.

*

ती जागा डोंगराच्या एका सपाट टप्प्यावर होती. तंबूंसाठी गवत, मग सिमेंटची मोरी आणि नळ, आणि नळाच्या पलीकडे जुनी दगडखाण. खाण बंद पडून तिच्यात पाणी साठलं होतं. काठ सुरीने कापल्यासारखा सरळ खाली गेलेला. कुंपण होतं, पण एका जागी खांब कलून तारा गवतात पडल्या होत्या.

"दुरुस्त करायचंय," मॅनेजर म्हणाला. चेहऱ्यावरून आळशी, पण हसरा माणूस. "नळाच्या पुढे सोडू नका म्हणजे झालं."

"आमची दोरी आहे," नवरा म्हणाला.

"कुत्रा आणलाय?"

"नाही. मुली."

मॅनेजरने मुलींकडे पाहिलं. "चावतात का?"

"ही चावते," थोरली म्हणाली. थोरलीला आम्ही मास्तरीण म्हणतो.

पहिल्या संध्याकाळी दोरी ताठ झाली होती. दुपारी बांधली तेव्हा मधे चांगली झोल खात होती. मला त्यात काही वाटलं नाही. सुती दोरी दमट हवेत आखडते. मी बोटाने दाबून पाहिली. दाबलेली दोरी लगेच वर यायला हवी. ही जरा थांबून आली.

सवयीने मी मुठीत पदर धरला आणि दोरी चाचपत नळापर्यंत गेले. कुठे काही अडकलं नाही. फक्त मधल्या हातभर भागात ती कोमट लागली. ऊन केव्हाच डोंगरामागे गेलं होतं. कापूस ऊब धरून ठेवतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत येऊन बटाटे सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण नळाकडून आली ती हात चोळत.

"आई, दोरी धरली ना, की पलीकडून कोणीतरी धरलंय असं वाटतं."

"असेल कोणी नळावर. धक्का दोरीतून इकडे येतो."

"नळावर कोणी नव्हतं. मी पाहिलं."

"मग वारा."

तिने झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. मास्तरीण गप्प बसली की मला बरं वाटत नाही.

गुंडी मात्र हसत होती. "ती हळूच ओढते," ती म्हणाली. "मी पण ओढते."

"ती म्हणजे कोण गं?"

"अगं, दोरी!" माझ्यासारखी मंद बाई तिने आजवर पाहिली नसावी.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने दोन्ही गाठी तपासल्या, दोरीवर बोट वाजवलं, कान लावला. "दात हलत नाहीये," तो म्हणाला. आम्ही हसलो. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. दुपारभर मुलींनी सासूबाईंना गवतात लोळायला लावलं आणि त्या खरंच लोळल्या. तो दिवस मी जपून ठेवलाय.

*

तिसऱ्या सकाळी निघायचं होतं.

धुकं इतकं होतं की तंबूच्या दारातून गाडी दिसत नव्हती. गाडी दहा पावलांवर होती. नवरा गाडीत सामान कोंबत होता. मास्तरीण मागच्या सीटवर उशा रचत होती. मी तंबूच्या आत गुडघ्यांवर बसून गाद्यांची हवा काढत होते. दोन माणसांतलं अंतर फक्त आवाजाने कळत होतं.

"गुंडी उठली का?" बाहेरून सासूबाई.

"उठली," मी म्हणाले.

"गाडीत आहे का?"

गाडीकडून नवऱ्याचा आवाज आला, "हो, हो, आहे." त्याला वाटलं, मास्तरणीबद्दल विचारतायत.

सासूबाईंनी आवराआवर सुरू केली. थोड्या वेळाने त्या तंबूत डोकावल्या आणि दोरीचं वेटोळं माझ्या हातात दिलं. "घे. एवढंच राहिलं होतं. चला आता."

दोरी ओली होती. मी ती घेऊन गाडीकडे गेले. मागच्या सीटवर मास्तरीण होती, उशा होत्या.

"गुंडी कुठंय?"

"तुझ्याजवळ ना?" नवरा म्हणाला.

"दात घासायला गेलीय," मास्तरीण म्हणाली. मग तिने माझ्या हातातली दोरी पाहिली.



मग नवरा ओरडायला लागला. "गुंडी! जागची हलू नकोस!" धुक्यात आवाज दोन पावलं जाऊन मरत होता. तो डावीकडे पळाला. मी सरळ.

नळ सापडला नाही. जिथे नळ असायला हवा तिथे गवत होतं. पुन्हा गवत.

हाक मारायची आणि थांबायचं. ऐकायचं.

काही नाही.

दात घासायला नळापर्यंत एकटी जा, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. डोळे मिटून चाल, दोरी आहे, हेही. दोरी नसली तर काय करायचं, ते आम्ही कधी शिकवलं नव्हतं.

माझ्या पायात तार आली.

कुंपणाची तार. आडवी पडलेली.

मी खाली बसले. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. खालून ओल्या चुन्याचा वास वर येत होता. एक खडा माझ्या पायाने सरकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज बराच उशिरा आला.

मला हाक मारता येईना.

मग मागून, तंबूच्या बाजूने, सासूबाईंचा आवाज आला.

"आली गं. आली. इकडे आहे."

*

मी पोहोचले तेव्हा गुंडी झाडापाशी उभी होती. तोंडात ब्रश. गालावर फेस वाळलेला. उजवा हात खांद्याच्या उंचीवर, मूठ अर्धी मिटलेली. सासूबाई तिच्यासमोर गवतातच बसल्या होत्या आणि तिला हात लावायला धजत नव्हत्या.

झाडाला काहीही बांधलेलं नव्हतं.

"आज दोरी लांब झालीय," गुंडी ब्रश काढून म्हणाली. "केवढं चालवलं मला."

मी तिला उचललं. नवरा आला, त्याने आम्हा दोघींनाही उचललं. मास्तरीण गाडीच्या दारात उभी राहून मोठ्याने रडत होती. तिला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मी दात घासले," गुंडी सांगत होती, "आणि दोरी नव्हतीच. मग मी तशीच आले. मग ती हातात आली."

"कुठे आली?"

"तिकडे. गार वारा येतो तिथे."

"कोणी होतं का तिथे?"

तिने थोडा विचार केला. "दोरीच होती," ती म्हणाली. "पण जाडी."

मी तिची मूठ उघडली. तळव्यावर ठसा होता, लाल, ताजा. आमची दोरी बारीक विणीची. हा ठसा पिळाचा होता. तीन जाड पदर एकमेकांवर वळलेले. दोरांचे ठसे मी ओळखते. असा दोर खाणींत वजन उतरवायला वापरायचे, फार जुन्या काळी. तळव्यावर तो संध्याकाळपर्यंत राहिला, आणि तेवढी जागा कोमट होती.

धुकं विरल्यावर मी परत गेले. गवतावर दव पांढरं साचलं होतं आणि त्यात तिच्या पावलांची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. नळापासून ती वाकडीतिकडी निघाली होती, भलत्याच दिशेने, पडलेल्या तारांवरून, काठापर्यंत. काठावर माझी टाच मावेल एवढं गवत उरलं होतं. तिथून रेघ वळली. वळून थेट आमच्या झाडापर्यंत आली होती, कुठेही न वाकता, ताणून धरल्यासारखी.

तिच्या पावलांशेजारी दुसरी पावलं नव्हती.

मी लिफ्ट तपासणारी बाई. जिचा भार कोणी घेत नाही ती गोष्ट लटकत राहत नाही, यावर माझा पगार चालतो. मी त्या काठाजवळ उभी राहिले, हात जोडायचे की काय ते कळेना, आणि शेवटी पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "थँक यू हं."

कसलाच आवाज आला नाही. बरंच झालं.

*

गुंडी आता तिच्या आजीपेक्षा उंच आहे. हरवायची अजूनही हरवते, पण आता फोन करते. नवरा अजून दोरी बांधतो. हॉटेलात राहिलो तर बाथरोबचा पट्टा पलंगापासून बाथरूमपर्यंत लावतो. मुली म्हणतात, बाबा, लाज आणू नका, आणि अंधारात धरतातच. निघताना दोरी शेवटी काढायची, सगळी डोकी गाडीत मोजून झाल्यावर. ते काम आता सासूबाईंचंच आहे. त्यांना त्या सकाळबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. त्या स्वतःच सावकाश झाल्या. चहा संपेपर्यंत बसतात. नातींच्या वेण्या घालतात. त्यासाठीसुद्धा मी आभारी आहे.

दर वर्षी वाढदिवसाला गुंडी केक कापते आणि मी तिच्या हाताकडे बघते. कोणाचे तरी उपकार आहेत आमच्यावर. ते फेडायला कोणी बोलावलं तर मी जाईन, असं मी नवऱ्याला एकदा म्हणाले. तो म्हणाला, "आपण दोघंही जाऊ." मुली जेवायला बोलवत होत्या.

*

त्या सकाळी सासूबाईंनी फक्त झाडाकडची गाठ सोडली होती. नळापर्यंत त्या गेल्याच नाहीत. त्यांनी ओढली, आणि नळाकडची गाठ न सोडताच अख्खी दोरी हातात आली.