चांद्रतळावरच्या दोन पंगती

चांद्रतळावरचं प्राणवायू-संयंत्र बंद पडलं, तेव्हा डॉ. अभय दुधगावकरला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण त्याच्या आजोळी फार चालायची. चंद्रावर येताना ती मागेच राहिली असावी.

"दुरुस्तीला आठ तास लागतील. तोवर पुरेशी हवा एकाच दालनाला देता येईल," तळप्रमुख रुबीना अत्तार म्हणाल्या. "दुसऱ्यात ती विरळ होणार. तिथं कुणाला पाठवायचं?"

"पहिल्या पंगतीला."

"इतकं ठामपणे?"

"हृदयाच्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं, मॅडम. हृदयघटी. काही प्रहर हृदय अपुऱ्या प्राणवायूवर तग धरतं, उरलेल्या प्रहरांत तेवढ्यानंच बंद पडतं."

"इथं तर धड दिवस-रात्र नाही. ही घटी लावतं कोण?"

"जेवणाची वेळ. म्हणून तर मी तळाच्या दोन पंगती केल्या. एक जेवते तेव्हा दुसरी झोपते. संकट केव्हाही येवो, निम्मी हृदयं भक्कमच. आत्ता पहिल्या पंगतीची आहेत."

त्या पंगतीत त्याची बायको सुमेधाही होती. तिला विरळ दालनात जाताना पाहून त्यानं आकडे पुन्हा एकदा तपासले; गणित पक्कं होतं. तो स्वतः दुसऱ्या पंगतीचा, म्हणून इकडेच राहिला. दार बंद झालं आणि तिकडची हवा उतरू लागली.

थोड्या वेळानं पडद्यावर पाच जणांचे ठोके संथ, स्थिर झाले. सुमेधाचे अडखळू लागले.

अभयने माइक ओढला. "सुमे, पंगतीत नीट जेवतेस ना?"

पलीकडून दमलेलं हसू आलं. "तुझ्याआधी कधी जेवले आहे मी?"

"पण तू म्हणायचीस, जेवण झालंय, तुझ्यासोबत नुसते दोन घास घेते…"

"तू रागावला असतास. ताट झाकून ठेवायचे मी."

अभयनं मनात हिशेब केला. गेलं वर्षभर तिची हृदयघटी त्याच्याच घटीबरोबर चालली होती.

"तिला इकडे घ्या!"

"एक माणूस वाढला तर इथलीही हवा विरळ होईल," रुबीना हळूच म्हणाल्या. "आणि या प्रहरी इथली सगळी हृदयं कच्ची आहेत, डॉक्टर. तुमचंसुद्धा."

अभय उठला. "मग वाढवू नका. बदला."

दोन दालनांमधल्या चिंचोळ्या खोलीत दोघं समोरासमोर आली. सुमेधाचे ओठ निळे पडले होते. काय चाललंय ते तिला कळायच्या आत त्यानं तिला पुरेशा हवेच्या दारात ढकललं.

"मला वेळ लागेल," तो म्हणाला. "आज थांबू नकोस. जेवून घे."